मेथीच्या जुडीखाली

आमच्या घरात चोरीचा माल आहे. आतल्या खोलीतल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, हिच्या पैठणीच्या मागे, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात तो गेली चाळीसहून अधिक वर्षं पडून आहे. लांबी पंचेचाळीस मिनिटं. चोरी मी एकट्याने केली. भाद्रपदातल्या एका रात्री, दोनशे माणसांच्या देखत, मेथीच्या एका जुडीच्या साहाय्याने.

आता आम्हा पांढरपेशा लोकांचं चोरीच्या बाबतीत एक ठरलेलं धोरण असतं. आपण घेतो ती चोरी नसतेच. ऑफिसातली पेन्सिल घरी सापडली तर ती खिशाला लागून आलेली असते. शेजाऱ्याची जास्वंद पहाटे तोडली तर ती देवाच्या खात्यावर पडते. पुस्तक परत केलं नाही तर ते 'राहून गेलेलं' असतं. आणि गाणं? गाणं तर हवेतच असतं. हवा काय कुणाच्या बापाची आहे? एवढं तत्त्वज्ञान गाठीशी असल्यावर माणसाला चोर व्हायला फारसा वेळ लागत नाही. फक्त टेपरेकॉर्डर लागतो.

तो मला १९८३ साली मिळाला. आमचे मेहुणे मस्कतहून आले ते एक जपानी टेपरेकॉर्डर घेऊनच. आकाराने ज्ञानेश्वरीएवढा, पण घरातला मान ज्ञानेश्वरीपेक्षा अंमळ जास्तच. पहिले आठ दिवस आम्ही त्यात घरातल्या सगळ्यांचे आवाज भरले आणि आपला आवाज इतका वाईट आहे हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळलं. मग काही तरी बरं भरावं असं वाटू लागलं. त्याच सुमारास गणेशोत्सव आला आणि आमच्या भागातल्या मंडळाने एका मंगल कार्यालयात बुवांचं गाणं ठेवलं.

बुवांचं नाव सांगत नाही. बुवा आता नाहीत, पण त्यांचे शिष्य आहेत आणि त्यांचे तानपुरे चांगले जडशीळ आहेत.

गाणं सुरू होण्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांनी जाहीर केलं, "बुवांच्या गाण्याचं कोणीही ध्वनिमुद्रण करू नये. केल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही." मंडळ नेमकं कशाला जबाबदार राहणार नाही हे चिटणिसांनाही ठाऊक नसावं. चपलांच्या पाटीवरचं वाक्य त्यांनी तसंच उचललं होतं. म्हणजे त्या रात्रीची पहिली चोरी त्यांची.

अशी बंदी घालणारे बुवा काही एकटे नव्हते. जुन्या गवयांना टेपेची धास्तीच असे. बंदिश चोरीला जाईल, तान चोरीला जाईल, आणि मुख्य म्हणजे बिदागी न देता गाणं घरोघर जाईल. केसरबाई केरकर या बाबतीत किती करड्या होत्या हे प्रसिद्धच आहे. आणि नशिबाची गंमत पाहा, १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन यानं सोडली, त्यांतल्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर पृथ्वीतर्फे ज्यांचं गाणं गेलं त्या या केसरबाई. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. आता ती भैरवी सगळ्या ग्रहांच्या पलीकडे, आंतरतारकीय अवकाशात फिरते आहे आणि तिथे कोण पिशवी घेऊन बसलं आहे, कुणास ठाऊक.

माझी पिशवी कापडी होती. खाली टेपरेकॉर्डर, वर मेथी. मेथी आणायला हिनेच सांगितलं होतं. ती टेपरेकॉर्डरवर पसरायची कल्पना माझी. बुवांनी डोळे मिटून बागेश्रीचा पहिला स्वर लावला आणि मी मेथीत हात घालून दोन बटणं एकदम दाबली. शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी मेथीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खाजगी आवाजात विचारलं, "मेथी कशी दिली हो?"

"श्शू!" मी म्हणालो.

"अहो, भाव विचारला. श्शू काय?"

हा संवाद टेपवर आहे. बुवांच्या अत्यंत गंभीर आलापीत, मंद्र सप्तकातल्या धैवतानंतर लगेच, नगरच्या भाजीबाजाराची ही चौकशी कायमची कोरली गेली आहे. त्याशिवाय खोकला आहे, पानाच्या डब्याचं झाकण आहे, मागच्या बाजूला एक लहान मूल आहे आणि दर दहा मिनिटांनी एस. टी.चा हॉर्न आहे. पण त्या सगळ्यांतून बुवा ऐकू येतात. ती बागेश्री अशी काही चढत होती की मी आपण चोर आहोत हेसुद्धा विसरलो.

अर्ध्या तासाच्या सुमारास बुवा वरच्या षड्जाकडे निघाले. सगळं कार्यालय श्वास रोखून बसलं. बुवांनी षड्ज लावला आणि तो चिरला. कापड फाटावं तसा. बुवा थांबले, पाण्याचा घोट घेतला, स्वतःशीच हसले आणि पुन्हा निघाले. पुन्हा चिरला. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं तोंड उघडलं. आणि मग पेटीवर बसलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने तो षड्ज त्यांच्याआधी लावला. जोरात नाही. अगदी हळू, जसं काही हे असंच ठरलं होतं. मग त्या पेटीने बुवांना हाताला धरून, म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून उतरवावं तसं, एकेक स्वर खाली मध्य सप्तकात आणून बसवलं. बुवा त्या जागेवरून जे गायले तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. माणसं 'वाहवा' म्हणायचं विसरून गेली.

त्या शांततेत माझी पिशवी वाजली. खटाक्!

कॅसेटची एक बाजू संपली की त्या जपानी यंत्राचं बटण आपोआप वर येत असे. जपानी लोकांनी पुष्कळ शोध लावले, पण हे बटण हळू वर यावं असं त्यांना सुचलं नव्हतं. दोनशे माणसांनी मेथीकडे पाहिलं. बुवांनी एक डोळा उघडला आणि शांतपणे म्हणाले, "पिशवीवाल्या पाहुण्यांना बाजू पालटायची असेल तर पालटून घ्यावी. आम्ही थांबतो."

सगळं कार्यालय हसलं. मी मेथीसारखा हिरवा झालो असेन. बाजू पालटली नाही. त्यामुळे बुवांचं हे वाक्य टेपवर नाही. ते फक्त आम्हा दोनशे जणांकडे होतं, आणि आता त्यांतले किती उरलेत देव जाणे.

पुढचा प्रकार सगळ्यांच्याच बाबतीत होतो तसाच झाला. 'फक्त तुला म्हणून देतो, पुढे देऊ नकोस' असं सांगून मी ती टेप चार मित्रांना उतरवून दिली. चौघेही शब्दाचे पक्के. त्यांनीही पुढे देताना 'फक्त तुला म्हणून देतो' हे वाक्य न विसरता सांगितलं.

१९८५ साली मी माळीवाड्याच्या स्टँडबाहेर एका हातगाडीपाशी उभा होतो. तो काळ कॅसेटचा. किराणा दुकानापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळीकडे कॅसेटी, आणि त्यांतल्या खऱ्या किती हे त्या बनवणाऱ्यालाच माहीत. सरकारने आदल्याच वर्षी कायदा दुरुस्त करून असल्या नकला काढणाऱ्यांची शिक्षा वाढवली होती. हातगाडीवाल्याच्या चेहऱ्यावर त्याचा काही परिणाम दिसत नव्हता. तर त्या गाडीवर बुवांचं चित्र! वर्तमानपत्रातून कापून छापलेलं, कपाळावर मागच्या पानाची अक्षरं उमटलेली. वर नाव, 'अमर स्वर, भाग दुसरा'. पहिला भाग कुठेच नव्हता. अठरा रुपये मोजून मी ती घेतली, घरी आलो, लावली आणि भक्तिभावाने डोळे मिटले. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "मेथी कशी दिली हो?"

मी उडालोच. "चोर! हलकट! माझी कॅसेट चोरली!"

ही कणीक मळता मळता बाहेर आली. "तुमची? तुम्ही कधी गायलात?"

संसारात काही प्रश्नांना उत्तरं नसतात, म्हणून तर माणसं बँकेत नोकरी करतात. पण त्याहून वाईट पुढेच होतं. हातगाडीवाल्यांनी खर्च वाचवायला माझी पंचेचाळीस मिनिटं साठच्या कॅसेटमध्ये कोंबली होती. एका बाजूला तीस मिनिटं. ती तीस मिनिटं नेमकी कुठे संपत असतील? बुवांचा षड्ज चिरतो, दुसऱ्यांदा चिरतो, आणि संपलं. बाजू पालटली की कुणाची तरी भक्तिगीतं. पेटी नाही, जिना नाही, खाली आणून बसवणं नाही. महाराष्ट्रभर हातगाड्यांवरून बुवा फक्त पडत होते. त्यांना उचलणारा भाऊ कापून टाकलेला.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पण म्हणून मी बुवांकडे गेलो का? नाही. पांढरपेशा माणूस पश्चात्तापही सवडीने करतो.

सवड एका इंग्रजाने काढून दिली. ही जरा आडवळणाची गोष्ट आहे, पण वळण आमच्या दौंड रस्त्यावरचंच आहे. नगरहून आठनऊ किलोमीटरवर अरणगाव. तिथे मेहेराबाद, टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षं, ते एक शब्द बोलले नाहीत. दरवर्षी जानेवारीअखेरीला समाधीपाशी देशोदेशींची माणसं जमतात आणि ३१ तारखेला भर दुपारी बारा वाजता सगळी मिळून पंधरा मिनिटं गप्प बसतात. नगरमध्ये पंधरा मिनिटं गप्प बसणारा एवढा मोठा समुदाय एरवी बघायला मिळत नाही. (शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. आम्ही जुनी खोडं, तोंडातून अजून नगरच निघतं.)

मी तेव्हा परकीय चलनाच्या खिडकीवर होतो. १९८६ च्या जानेवारीत एक उंच, दाढीवाला, खादीचा कुडता घातलेला इंग्रज प्रवासी धनादेश वटवायला आला. त्याला पितळी बिल्ला दिला आणि थांबायला सांगितलं. आमच्याकडे थांबणं हाच मुख्य व्यवहार असे, पैसे नंतर. त्याच्या कमरेला वॉकमन होता. मी सहज विचारलं, काय ऐकता? तो म्हणाला, "हू."

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "द हू."

असं तीनदा झाल्यावर उलगडा झाला की ते बँडचं नाव. इंग्लंडातला रॉक बँड, 'द हू'. १९७६ मध्ये लंडनला एका फुटबॉलच्या मैदानावर त्यांनी इतका आवाज केला की गिनीज बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नाव लागलं. गाणं संपलं की गिटारी आपटून फोडायची यांची रीत. आणि त्या बँडचा गिटार फोडणारा मुख्य मनुष्य पीट टाउनशेंड हा अरणगावच्या मेहेरबाबांचा भक्त! बाबांची प्रत्यक्ष भेट त्याला कधी झाली नाही, पण १९७२ मध्ये तो समाधीला येऊन गेला. मराठीत 'हूं की चूं न करणं' असा वाक्प्रचार आहे. साडेत्रेचाळीस वर्षं हूं की चूं न केलेल्या सत्पुरुषाचा हा शिष्य, आणि बँडचं नाव हू. विनोदी लेखकाने असं लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

गिऱ्हाईकं खोळंबली होती, पण इंग्रज रंगात आला. १९६९ साली या बँडने अमेरिकेचा दौरा केला. प्रत्येक कार्यक्रम त्यांच्याच माणसाने टेप केला, त्यांतून एक चांगली रेकॉर्ड काढायची म्हणून. घरी येऊन टाउनशेंड बघतो तो टेपांचा हा ढीग. इतकं ऐकायचं कुणी? ठेवल्या तर चोर उचलणार. त्याच वर्षी बॉब डिलनची न काढलेली गाणी कुणी तरी परस्पर छापून, कोऱ्या पांढऱ्या पाकिटात घालून विकली होती आणि त्या धंद्याला ऊत आला होता. तेव्हा टाउनशेंडने हुकूम सोडला की सगळ्या टेपा जाळून टाका. आणि जाळल्या!

मला तो मनुष्य एकदम आवडला. आपल्या चुका चोरांच्या हाती लागू नयेत म्हणून बरोबर आलेलंही जाळून टाकणारा. दीड वर्षापूर्वी मी असतो तर म्हणालो असतो, काय हा वेडेपणा. आता मला बुवांचा चिरलेला षड्ज ऐकू येत होता.

मग १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात त्यांनी मुद्दाम टेप करण्यासाठी कार्यक्रम केला आणि त्याची रेकॉर्ड काढली, 'लाइव्ह ॲट लीड्स'. गंमत तिच्या वेष्टनाची. साधं खाकी पुठ्ठ्याचं पाकीट, वर रबरी शिक्का मारल्यासारखं नाव. अगदी चोरट्या रेकॉर्डीचं सोंग! टेपमध्ये खरखर होती, तर तबकडीवर हाताने लिहून टाकलं की खरखर आहे ती असू द्या, दुरुस्त करू नका. चोराने मालकाचा वेश घेतलेला आपण पुष्कळ पाहतो. मालकाने चोराचा वेश घेतलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"आणि तुमच्या वॉकमनमध्ये काय, तीच रेकॉर्ड?" मी विचारलं.

इंग्रज जरा घुटमळला. मग खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, "नाही. चोरीची आहे."

बाबांच्या जयंतीनिमित्त १९७० साली टाउनशेंडने आणि इतर भक्तांनी एक खाजगी रेकॉर्ड काढली होती, मोजक्या प्रती, फक्त भक्तमंडळींसाठी. १९७२ मध्ये तशीच दुसरी. तिच्यात बाबांची प्रार्थना त्याने चालीत बसवली आहे. म्हणजे घरच्या सत्यनारायणाचा प्रसादच म्हणा. तर अमेरिकेतल्या चोरांनी या प्रसादाच्याही नकला काढून विकायला सुरुवात केली! शेवटी रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहावरून टाउनशेंडने त्यांतलं काही निवडून १९७२ सालीच राजरोस रेकॉर्ड बाजारात आणली, 'हू केम फर्स्ट'. चित्रात स्वतः अंड्यांवर उभा. एकूण तो मनुष्य सगळीकडे जपूनच पाऊल टाकत असावा. पण या इंग्रजाने त्याआधीच चोरटी नक्कल घेतली होती. ती ऐकूनच त्याला बाबांचं नाव कळलं, आणि म्हणून तो आज नगरला आला होता.

"चोरीची वस्तू घेऊन समाधीला आलोय," तो म्हणाला. "पण ती चोरी झाली नसती तर मी आलोच नसतो. पंधरा वर्षं हाच विचार करतोय. उद्या टेकडीवर सगळं सांगून टाकणार."

मग मीही त्याला माझ्या इंग्रजीत मेथीची गोष्ट सांगितली. मेथीला इंग्रजी शब्द मला आठवेना, म्हणून 'ग्रीन व्हेजिटेबल' म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्या गायकाला सांगितलंत?"

"तुमचं बरं आहे," मी म्हणालो. "तुमचे बाबा मौनात आहेत. आमचे बुवा बोलतात."

तो हसला, पैसे घेतले आणि गेला. बिल्ला परत करायला विसरला. म्हणजे मला त्या महिन्यात तोही भुर्दंड.

पण त्याचा प्रश्न काही पैसे घेऊन गेला नाही. दिवाळीनंतर मी पुण्याच्या गाडीत बसलो. पिशवीत मूळ टेपची एक स्वच्छ नक्कल आणि हिने दिलेला चिवडा. बुवांच्या दारात उभं राहून जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, "बुवा, नगरच्या कार्यक्रमात ती पिशवी माझी होती."

बुवा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आत वळून हाक मारली, "अगं, बाहेर ये. मेथीवाले आलेत!"

म्हणजे त्यांनी ती हातगाडीवरची कॅसेट ऐकली होती. एका शिष्यानेच आणून दिली होती. बाई बाहेर आल्या, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय हो, शेवटी कशी दिली होती? यांनी तुम्हाला श्शू केलंत की तुम्ही त्यांना, तेही कळत नाही."

मी म्हणालो, "बुवा, मी एक पैसा घेतला नाही." हे वाक्य सगळे चोर म्हणतात.

"पैशाचं जाऊ द्या," बुवा म्हणाले. "पैसे आम्हाला मंडळानेही पुरते दिले नव्हते. त्या दिवशी मला ताप होता. षड्ज लागला नाही, तो तुमच्यासमोर लागला नाही. तुम्ही दोनशे माणसं माझ्याबरोबर बसला होतात, दमला होतात. तुम्ही मला सांभाळून घेतलंत आणि आपण पुढे गेलो. संपलं ते. आता तो षड्ज रोज कुणाच्या तरी घरी चिरतो. ज्याने मला कधी पाहिलं नाही अशा माणसाकडे, तो भजी खात असताना. माझे शिष्य मला आदराने विचारतात, 'बुवा, वरच्या सा-ला मुद्दामच तसं करता का?' एकाने तर तो तसाच चिरायला घेतलाय!"

मी काय बोलणार? कॅसेट काढून पुढे ठेवली. म्हटलं, "ही पुरी आहे. यात पुढचं सगळं आहे. पेटीसकट."

बुवांचा हात थांबला. "दादाची पेटी आहे यात?"

थोरले बंधू आदल्याच्या आदल्या वर्षी गेले होते. चाळीस वर्षं बुवांच्या डाव्या हाताला बसले, पण त्यांच्या पेटीचा एक तुकडाही कुठे नव्हता. रेडिओवर त्यांना कुणी स्वतंत्र बोलावलं नाही. आणि मैफलींत? "मैफलींत मीच बंदी घालून ठेवली होती ना," बुवा म्हणाले.

त्यांनी टेप लावली. मेथीचा भाव आला, बाई हसल्या. अर्ध्या तासाने षड्ज चिरला तेव्हा बुवांनी तोंड फिरवलं. आणि मग पेटी आली. बुवा उठून खिडकीशी गेले. ती पंधरा मिनिटं त्या घरात कुणी बोललं नाही. शेवटी खटाक् झालं, तेव्हा बुवा तिथूनच म्हणाले, "बाजू पालटायची असेल तर पालटून घ्यावी." आवाज नेहमीचा नव्हता.

निघताना मी विचारलं की माझ्याकडची मूळ टेप पुसून टाकू का. ते म्हणाले, "खबरदार." मग पायऱ्यांपर्यंत आले आणि म्हणाले, "पण कुणाला देऊ नका. मी आहे तोपर्यंत नको."

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला आहे. बुवा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मागे मूलबाळ नाही. त्यांच्या कॅसेटचं एका शिष्याकडून कळलं की संध्याकाळी ते तेवढीच शेवटची पंधरा मिनिटं लावायचे. लावून लावून ती टेप तिथेच तुटली आणि चिकटपट्टी लावलेल्या जागी पुन्हा तुटली. माझ्या चारी मित्रांच्या नकलांचंही तेच झालं. एकीवर मुलीचा वाढदिवस आहे, एकीवर निवडणुकीची भाषणं. म्हणजे आता ती पेटी जगात फक्त आमच्या बिस्किटाच्या डब्यात आहे.

आमचे नातू पुण्याला संगणकात असतात. ते म्हणतात, "आजोबा, द्या इकडे, दहा मिनिटांत इंटरनेटवर टाकतो. सगळ्या जगाला ऐकू येईल." आता 'तोपर्यंत नको' म्हणजे 'त्यानंतर हो' असं होतं का? व्याकरण म्हणतं होतं. बुवांचा आवाज आठवला की वाटतं नाही होत. आणि पेटी द्यायची तर षड्जही द्यायला हवा. षड्ज कापून नुसती पेटी ठेवली तर ती कुणाला कशासाठी सावरते आहे हे कळणारच नाही. म्हणजे हातगाडीवाल्याने केलं तेच मी उलट्या बाजूने करणार.

बुवांचे दोन शिष्य आहेत, त्यांना विचारलं. एक म्हणाला, ताबडतोब टाका, हा ठेवा आहे. दुसरा म्हणाला, टाकलीत तर बघा. पहिला नंतर फोन करून म्हणाला, तूर्त थांबा.

शेजारी वकील आहेत, त्यांना गाठलं. ते म्हणाले, १९८३ साली गाणाऱ्याचा स्वतःच्या गाण्यावर असा हक्क आपल्या कायद्यात नव्हताच. देव आनंदच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नटाबद्दल तेच सांगितलं होतं. कलावंताचा हक्क आला १९९४ च्या दुरुस्तीने, आधी पंचवीस वर्षांचा, मग १९९९ साली पन्नास वर्षांचा केला. "म्हणजे मी चोर नाही?" मी आशेने विचारलं. "त्या वेळी कदाचित नव्हतात," ते म्हणाले. "आता टाकलंत तर व्हाल." चाळीस वर्षं चोर म्हणून वागून शेवटी ही परिस्थिती!

अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाच्या बँडने हा प्रश्नच निकालात काढला होता. १९८४ पासून त्यांच्या कार्यक्रमाला टेप करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागा असे. उतरवा, वाटा, फक्त विकू नका. नगरला सहकार सभागृहात 'मेथीवाल्यांसाठी राखीव' अशी पाटी मी डोळ्यांसमोर आणून पाहिली. बरी दिसते. 'हू'वाल्यांनीही २००२ च्या दौऱ्यापासून आपले कार्यक्रम स्वतःच टेप करून, फायदा धर्मादायाला देण्याच्या बोलीवर चाहत्यांना विकायला सुरुवात केली, एकेक रात्र वेगळी. त्यांत चिरलेले षड्जही असतीलच. ज्याने ढीग जाळला त्याच माणसाला हे जमलं, याचं मला फार आश्चर्य वाटतं. पण तो जिवंत होता. आपल्या फाटक्या आवाजाशी समझोता करायला माणूस स्वतः हजर लागतो. बुवांच्या वतीने तो समझोता मी कसा करू? माझी त्यांच्याशी ओळख ती काय, पिशवीपुरती.

वकिलांनी कागदावर आकडेमोड करून सांगितलं, "पन्नास वर्षं लागू धरली तर १९८३ ची मुदत २०३३ अखेर संपते. तोवर थांबा, मग बिनघोर टाका." घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "तोवर तिला बुरशी येईल. गेल्या पावसाळ्यात डब्यात दमट वास येत होता."

म्हणून काल डबा काढला. कॅसेट फडक्याने पुसली, पेन्सिल घालून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवली. फीत अजून धड आहे. नातू शेजारी बसून ते पेन्सिलीचं काम बघत होता. मग तो म्हणाला, इंटरनेटवर नको तर नको, निदान नक्कल तरी काढून ठेवतो, फक्त आपल्या घरात राहील, पुढे कुणाला देणार नाही.

हे वाक्य मी ओळखलं. पण टेपरेकॉर्डर पुढे केला आणि त्याने वायर जोडली. दोन मिनिटांनी त्याने कानावरचं यंत्र काढलं आणि विचारलं, "आजोबा, हा कोण भाव विचारतोय?"